परीक्षेपुरता विद्यार्थी

ऑक्टोबर आणि एप्रिल जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच साच्याचे निरोप फिरू लागतात. 'उद्या सकाळी साडेदहाला एस.वाय.बी.ए.चा पेपर, दादर, अंध विद्यार्थिनीसाठी रायटर हवा. मराठी माध्यम. अक्षर बरं असावं. कृपया पुढे पाठवा.' खाली एक मोबाइल नंबर. 'उद्या' असं लिहिलेलं असलं की समजावं, ठरलेला रायटर आज दुपारी गळाला. सरकारी कागदांवर या माणसाला लेखनिक म्हणतात. विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत बाकी सगळे रायटर म्हणतात.

महाविद्यालयात शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांच्या हक्कांचा आढावा घ्यायचा तर रायटरपासूनच सुरुवात करावी लागते. न्यायालयं, मंत्रालयं, विद्यापीठं यांची गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली बरीच शक्ती या एका प्रश्नावर खर्ची पडली आहे. ती वाया गेली असं नाही. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली. आपली महाविद्यालयं अपंग विद्यार्थ्याची दखल वर्षातून दोनदाच घेतात, प्रवेशाला आणि परीक्षेला. मधल्या काळात तो कुठल्या बाकावर बसतो, काय वाचतो, फळ्यावरचं त्याला किती कळतं, दुपारी लघवीला कुठे जातो, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. कायदा मात्र या मधल्या काळाबद्दलच जास्त बोलतो.

कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. पहिला कायदा १९९५चा. तो फेब्रुवारी १९९६मध्ये अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखीव होत्या. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याला धरून नवा कायदा यायला नऊ वर्षं लागली. तो २०१६चा 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम'. त्याची अंमलबजावणी १९ एप्रिल २०१७पासून सुरू झाली. प्रकार सातावरून एकवीस झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, अ‍ॅसिडहल्ल्याने आलेलं अपंगत्व, हे सगळं आत आलं. उच्च शिक्षणातल्या राखीव जागा किमान ५ टक्के झाल्या, वयाची अट पाच वर्षांनी शिथिल झाली. राखीव जागांसाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो.

या कायद्यातली खरी नवी गोष्ट मात्र टक्केवारीत नाही. 'वाजवी सोय' नाकारणं म्हणजेच भेदभाव, असं तो स्पष्ट म्हणतो. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता करता येण्याजोगा बदल. त्या विद्यार्थ्याला, त्या ठिकाणी, त्या कामासाठी जो लागेल तो. म्हणजे प्राध्यापकाने अंध मुलाला नोट्सची सॉफ्ट कॉपी दिली नाही तर तो नुसता आळशीपणा ठरत नाही, तो कायद्याने भेदभाव ठरू शकतो. हे वाक्य किती स्टाफरूममध्ये कधी उच्चारलं गेलं असेल, याचा अंदाज मी करत नाही. शिक्षणाच्या कलमातच एक पळवाटही आहे. मान्यताप्राप्त संस्थांनी सर्वसमावेशक शिक्षण द्यावं यासाठी सरकारने 'प्रयत्न करावा' असं तिथे म्हटलं आहे, आणि प्रयत्न चालू असल्याचं कुणालाही कधीही सांगता येतं.

आता आकडे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. तीही जुन्या, अपुऱ्या व्याख्येने मोजलेली. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातले एकूण विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख आणि त्यांतले अपंग विद्यार्थी सुमारे ८८ हजार ७००. लोकसंख्येत हजारी बावीस, महाविद्यालयात हजारी दोन. जनगणनेच्या आकड्यात म्हातारी माणसंही आली, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, हे खरं. शिवाय बरेच विद्यार्थी आपलं अपंगत्व फॉर्मवर लिहीतच नाहीत, कारण लिहून मिळतं काय हे त्यांना ठाऊक असतं. सगळी वजाबाकी करूनही दरी फार मोठी उरते.

न्यायालयांचं काम या काळात खरोखर दखल घेण्याजोगं आहे. सगळ्यात महत्त्वाचा निकाल ११ फेब्रुवारी २०२१चा, 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग'. एमबीबीएस झालेला हा उमेदवार. हातात पेन धरलं की स्नायू आखडतात, ज्याला 'रायटर्स क्रॅम्प' म्हणतात. ४० टक्के अपंगत्व नाही म्हणून आयोगाने त्याला लेखनिक नाकारला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट राखीव जागांसाठी आहे, सोयींसाठी नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहिता येत नाही, मग दाखल्यावर आकडा काहीही असो. केंद्राने तीन महिन्यांत मार्गदर्शक सूचना काढाव्यात असा आदेश झाला. सूचना निघाल्या १० ऑगस्ट २०२२ला, दीड वर्षाने. त्यांतही डॉक्टरांच्या मंडळाचा वेगळा दाखला आणण्याची अट होती. ४० टक्क्यांच्या वरचे आणि खालचे अशी परीक्षार्थींची विभागणी पुढेही चालूच राहिली, म्हणून फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला 'गुलशन कुमार' प्रकरणात जवळजवळ तेच पुन्हा सांगावं लागलं. त्या प्रकरणात उमेदवाराच्या बाजूने उभे राहिलेले वकील राहुल बजाज हे नागपूरचे (दुचाकीवाले नव्हेत). स्वतः अंध, नागपूर विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे मानकरी.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं एक प्रकरण आलं. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या विद्यार्थिनीला 'नीट'च्या परीक्षाकेंद्रावर हक्काचा जादा तास मिळाला नाही. पर्यवेक्षकांना नियमच माहीत नव्हता. चूक तिची नाही, तिचं नुकसान झालं, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. भरपाई कशी करायची हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच ठरवावं, असं सांगितलं. हक्क सिद्ध झाला, तास काही परत आला नाही. परीक्षेपुरत्या हक्काची ही मर्यादाच आहे. तो त्या तीन तासांत मिळाला तर मिळाला, नंतर त्याचं फक्त प्रकरण होतं.

वैद्यकीय प्रवेशाचं आणखी वेगळं. 'वाचा व भाषा' अपंगत्व असलेल्या मुलाला राखीव जागेसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला हवा, आणि त्याच वेळी ४० टक्क्यांपर्यंत पोचलेला मुलगा एमबीबीएसला अपात्र, असा नियम होता. दाखला कमी पडला तर जागा नाही, पुरेसा असला तर अभ्यासक्रम नाही. महाराष्ट्रातल्या अशा एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२४मध्ये, न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने ठरवलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला बाद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासून, कारणं देऊन सांगायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये 'दोन्ही हात धडधाकट' हवेत या अटीलाही न्यायालयाने असंच फैलावर घेतलं.

आकडा लिहिणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा सांधा दिसतो, कान दिसतो. त्याला प्रयोगशाळेतला ओटा किती उंच आहे हे दिसत नाही. म्हणून मंडळाला माणसाबरोबर त्याचं कामही तपासायला लावणारे हे निकाल मला सगळ्यांत दूरगामी वाटतात.

त्यांच्या आड येते ती संशयाची सवय. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून गदारोळ झाला आणि लोकसेवा आयोगाने जुलैअखेर उमेदवारी रद्द केली. त्या प्रकरणाचा खरा दंड भरला तो खऱ्या दाखलेवाल्यांनी. ज्यांचं अपंगत्व दिसत नाही त्यांच्याकडे तर आधीपासूनच भुवया उंचावून पाहिलं जायचं. डिस्लेक्सियाचं उदाहरण घ्या. अध्ययन अक्षम मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६मध्ये केली, देशातल्या कुठल्याही राज्याच्या तुलनेत खूप लवकर. मुंबईत सायन, नायर, केईएम या रुग्णालयांतून दाखला आणायची रीत पडली आणि पालकांच्या बोलण्यात 'एलडी सर्टिफिकेट' हा शब्द रुळला. पण तपासणीची साधनं दीर्घकाळ इंग्रजीतली होती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या चाचणीत इंग्रजी, हिंदी, कन्नडबरोबर मराठीही आली, ही फार गरजेची गोष्ट होती. तरी हिंगोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा महाविद्यालयात पोचेपर्यंत त्याला कुणी तपासलेलंच नसतं. तो 'कच्चा' म्हणूनच येतो आणि एटीकेटी साचवत जातो. एलडी हे इंग्रजी माध्यमाच्या श्रीमंत मुलांचं खूळ आहे असं म्हणणारे प्राध्यापक मला भेटतात. तपासणी कुठे होते एवढंच त्यावरून कळतं.

आता त्या मधल्या महिन्यांकडे वळू.

वर्ग चालू आहे. संख्याशास्त्राचे सर फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवताहेत. 'आता बघा, हे इकडे घेतलं, यातून हे वजा केलं, की हे असं येतं. कळलं?' मागच्या बाकावरच्या अंध मुलाच्या वहीत काय उतरलं असेल? हे, इकडे, यातून, असं. दुसऱ्या बाकावर ऐकू कमी येणारी मुलगी आहे. ती ओठ वाचते, आणि ओठ फळ्याकडे आहेत. सरांनी फळ्याकडे पाठ करून 'दोन्ही बाजूंतून बारा वजा केले, डावीकडे एक्स उरला' एवढं म्हटलं असतं तर दोघांचंही भागलं असतं. खर्च शून्य. शासन निर्णय नको, निधी नको. एका तासिकेत असे तीस 'हे' येतात, आणि वर्षभराने परीक्षेच्या वेळी त्याच मुलाला तासाला वीस मिनिटं जादा देऊन आपण न्याय केल्याचं समाधान मानतो.

वाचायच्या साहित्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. इथे मराठीचा स्वतःचा असा एक घोळ आहे. अंध विद्यार्थी संगणकावर किंवा मोबाइलवर स्क्रीन रीडर वापरतात. एनव्हीडीए हा त्यांतला फुकट मिळणारा आणि मराठी वाचणारा. पण तो वाचतो युनिकोड. आपल्याकडच्या महाविद्यालयीन नोट्स, जुनी पाठ्यपुस्तकं, विद्यापीठांचे अभ्यासक्रम यांचा मोठा साठा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला आहे. पडद्यावर देखणं देवनागरी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. 'सामाजिक संशोधन पद्धती' उघडलं की यंत्र इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि टक्क्याची खूण वाचत सुटतं. उरलेल्या नोट्स म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून मोबाइलवर काढलेले फोटो, कडेला अंगठा आलेले, त्यांचा केलेला पीडीएफ. प्राध्यापक प्रामाणिकपणे सांगतात, 'मी दिल्या ना सॉफ्ट कॉपी.' त्यांनी दिलेल्या असतात, हेही खरं.

इथे कायद्याची अडचण उरलेली नाही. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात अपंगांसाठी पुस्तकांचं रूपांतर करायची मोकळीक मिळाली. २०१३च्या मराकेश कराराला २०१४मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. २०१६मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. या चळवळीत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आघाडीवर होतं. २००३मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची उभारणी डॉ. सॅम तारापोरवाला यांनी केली. ते त्याच महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत आणि स्वतः दृष्टिहीन होते. पुस्तक स्कॅन करून देण्यापासून बँकांच्या एटीएमना बोलतं करण्यापर्यंत या केंद्राने काम केलं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच महाविद्यालयात शिकल्या. लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेच्या सेवेत त्यांना घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्या १२४व्या क्रमांकाने आल्या आणि सनदी अधिकारी झाल्या. पुण्यात मीरा बडवे यांच्या 'निवांत'ने मराठी माध्यमातल्या अंध मुलांसाठी पदवी आणि पदव्युत्तर पातळीची ब्रेल पुस्तकं घडवली. ही काम करणारी ठिकाणं आहेत, आणि म्हणूनच खंत वाटते. शंभर कोसांवरचा विद्यार्थी अजूनही अशाच एखाद्या संस्थेच्या दारात येतो. त्याचं स्वतःचं महाविद्यालय त्याच्यासाठी एक पान टाइप करत नाही.

इमारतींचं बोलायचं तर नॅकचे आभार मानावे लागतात, थोडे हातचे राखून. मूल्यांकनाच्या निकषांत दिव्यांगस्नेही परिसर हा मुद्दा आला आणि गावोगावच्या महाविद्यालयांत रॅम्प उगवले. फोटो जोडावे लागतात. फोटोत उतार कळत नाही. मान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे जोतं अडीच फूट उंच असेल तर रॅम्प तीस फूट लांब हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला जेवढी जागा उरते तेवढ्यात, आठ-दहा फुटांत, तो उरकलेला असतो. त्यावरून मोटरसायकल झकास चढते. चाकाची खुर्ची चढवायला दोन धट्टीकट्टी मुलं लागतात आणि उतरताना देव लागतो. वर गेल्यावर प्राचार्यांचं कार्यालय आणि फी खिडकी. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट असलीच तर किल्ली हेडक्लार्ककडे. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहावर पाटी चकचकीत असते आणि आत झाडू, बादल्या, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायला वेळापत्रकात एक रेघ बदलावी लागते, त्यासाठीही विद्यार्थ्याला दर सत्रात नवा अर्ज करावा लागतो.

स्वच्छतागृहाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण कुणी तो काढत नाही. पाठीच्या कण्याच्या दुखापतीने खुर्चीत आलेल्या मुली महाविद्यालयात असताना दिवसभर पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग, मग रजा, मग हजेरी कमी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'च्या कामात वसतिगृहाला शाळेइतकंच महत्त्व दिलं ते याच अनुभवातून. शिकायचं तर आधी राहता यायला हवं. आणि पोचताही. एसटीत अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीवर आहे. मुंबईच्या लोकलमध्ये वेगळा डबा आहे. सकाळी साडेआठला त्यात किती धडधाकट पाय उभे असतात ते कुणीही दादरला जाऊन पाहावं.

रॅम्प आणि रायटर यांपलीकडे महाविद्यालयाला काही सुचतच नाही, याचा सगळ्यांत मोठा फटका बसतो तो विदर्भात आणि नंदुरबारकडे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, बहुतेक आदिवासी आणि दलित घरांतले. हा आजार २०१६च्या कायद्यात यावा म्हणून नागपूरच्या संपत रामटेके यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला रायटर नको असतो, रॅम्पही नको असतो. थंडी वाढली, पाणी कमी पडलं, दगदग झाली की त्याला असह्य वेदनांचा झटका येतो आणि तो चार-आठ दिवस रुग्णालयात जातो. त्याला हवी असते हजेरीच्या ७५ टक्क्यांच्या नियमात सूट, बुडालेल्या प्रॅक्टिकलची दुसरी तारीख, अंतर्गत परीक्षा पुन्हा देण्याची मुभा, आणि मैदानावरच्या सक्तीच्या कवायतीतून सुटका. यातलं एकही महाविद्यालयाच्या छापील सवलतींच्या यादीत बसत नाही. दोन झटक्यांच्या मधे तो वर्गात हसतखेळत बसलेला दिसतो, म्हणून त्याचं दुखणं कुणाला खरंही वाटत नाही. मानसिक आजाराच्या विद्यार्थ्यांचं हेच, किंबहुना त्याहून अवघड. तिथे दाखला दाखवणंच नकोसं असतं.

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर मदतच उलटते. शाळेत त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळते, कायदाही तसं म्हणतो. सूट घेतली की मार्क वाढतात, आईबाप सुटकेचा श्वास सोडतात. मग अकरावीला किंवा एफ.वाय.ला संदर्भपुस्तकं इंग्रजीत, व्याख्यान मराठी-इंग्रजीच्या मिसळीत, आणि मुलाच्या हाताशी एकच भाषा, तीही अर्धी. गणित सोडण्याची मुभा मिळालेल्यांची गत अशीच होते. पंधराव्या वर्षी घेतलेली सूट अठराव्या वर्षी विज्ञान, वाणिज्य, स्पर्धापरीक्षा यांचे दरवाजे लावून घेते. अंध मुलांना तर वर्षानुवर्षं आठवी-नववीतच गणितापासून दूर नेलं गेलं, कारण शिकवायचं कसं हे शाळेला माहीत नव्हतं. विषय काढून टाकणं ही सोय नव्हे. शिकवायची पद्धत बदलणं ही सोय. पहिलं स्वस्त पडतं म्हणून आपण तेच करत आलो.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची टंचाई खरी आहे. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५मध्ये उभी राहिली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३पासून वाक्-श्रवणदोषांवर काम करते आहे. तरी बी.कॉम.च्या रोजच्या तासाला दुभाषी ही कल्पना बहुतेक महाविद्यालयांना चैनीची वाटते. तोवर आदल्या दिवशी मुद्द्यांचं एक पान दिलं, व्हिडिओला अक्षरं चालू ठेवली, आणि शेजारच्या मुलीने नोट्सची प्रत द्यावी अशी व्यवस्था लावली तरी पुष्कळ होतं.

अमेरिकेत एम.एस.ला गेलेल्या आपल्याकडच्या अपंग मुलांना तिथे एक गोष्ट नवी वाटते, आणि ती यंत्रं किंवा लिफ्ट नव्हेत. तिथे विद्यापीठाचं एक कार्यालय असतं. विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला तिथे जातो, कागद एकदाच दाखवतो. कार्यालयाकडून प्रत्येक प्राध्यापकाला पत्र जातं की या विद्यार्थ्याला परीक्षेत दीडपट वेळ द्या, नोट्स आधी पाठवा. त्याला काय झालं आहे हे पत्रात लिहिलेलं नसतं. १९७३च्या कायद्याचं ५०४ क्रमांकाचं कलम, त्याचे नियम निघावेत म्हणून १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्त्यांनी तीन आठवड्यांहून जास्त मांडलेला ठिय्या, मग १९९०चा कायदा, अशा लांब वाटेने ते पत्र आलं आहे. तिथेही महागड्या तपासण्या परवडणाऱ्यांचं जास्त चालतं, हा आरोप आहेच. पण विद्यार्थ्याने आपलं दुखणं दर सत्रात पाच जणांसमोर मांडायचं नाही, एवढं तरी त्यांनी साधलं.

आपल्याकडे असं कार्यालय कागदावर आहे. कायद्याने प्रत्येक संस्थेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने समान संधी केंद्रं काढायला सांगितली, २०२२मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुलभतेची मानकं दिली. बऱ्याच ठिकाणी या केंद्राचा समन्वयक म्हणजे एनएसएस, आपत्ती व्यवस्थापन आणि वार्षिकांक हेही सांभाळणारा सर्वांत कनिष्ठ प्राध्यापक. नोव्हेंबर २०२४मध्ये 'राजीव रतुरी' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सुलभता हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवरचा न वाचता येणारा कॅप्चा या व्याख्येत येतो, हे कुणीतरी आपल्या प्रवेश-पोर्टलवाल्यांना कळवायला हवं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. तक्रार करायला पुण्यात आयुक्तालय आहे. पण आयुक्त शिफारस करतात. पहिल्या उल्लंघनाला कायद्यात दंड आहे तो दहा हजारांपर्यंत, म्हणजे एका बऱ्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या खर्चाहून कमी.

आणि रायटरचं काय? सध्या वाद आहे तो रायटर कुणी आणायचा याचा. २०१८च्या केंद्रीय सूचनांनी विद्यार्थ्याला स्वतःचा लेखनिक आणण्याची मुभा दिली. तो उमेदवारापेक्षा एक पायरी खाली शिकलेला असावा, एवढी अट घातली. स्वतःचा आणू दिला तर तोच उत्तरं लिहितो, हा परीक्षा विभागाचा धसका. विभागाने दिला तर त्याला 'ज्ञानेश्वरी'चा ज्ञ लिहिता येत नाही, हा विद्यार्थ्याचा अनुभव. दोन्ही बाजू खोट्या नाहीत. माझ्या मते या भांडणात पडण्यापेक्षा, ज्यांना टाइप करता येईल त्यांना टाइप करू द्यावं. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, नेट बंद केलेला संगणक, त्यावर स्क्रीन रीडर, आणि उत्तरपत्रिका छापून इतर गठ्ठ्यात. केंद्रीय सूचनांत संगणकाची मुभा आहेच. यासाठी परीक्षा विभागाला फारसं काही करायचं नाही, जास्त करायचं आहे ते एफ.वाय.च्या पहिल्या सत्रात महाविद्यालयाला. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग, तीन महिने, संगणक प्रयोगशाळा रिकामी असते त्या वेळात. सगळ्यांना जमणार नाही. हात चालत नाहीत अशांना रायटर लागेलच. पण बाकीच्यांच्या उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या, तर निदान त्या त्यांच्या स्वतःच्या असतील.